पिवळं जातच नाही: निकेलचा कॅटॅलिस्ट चालत नसेल तर काय तपासायचं

"मॅडम, पिवळं तसंच आहे."

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय बहुतेकदा तोच असतो. निकेलची बारीक पावडर बनवायची, ती कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक म्हणून वापरून सोडियम बोरोहायड्राइडकडून पॅरा-नायट्रोफिनॉलचं क्षपण (रिडक्शन) करून घ्यायचं आणि पिवळा रंग उतरताना यूव्हीवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या मशीनवर, रीडिंग घ्यायची. पॅरा-नायट्रोफिनॉलला आम्ही पीएनपी म्हणतो. मिथाइल पॅराथिऑनसारख्या कीटकनाशकाचं पाण्यात विघटन झालं की हे तयार होतं, त्यामुळे निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या मुलांना विषय घरचाच वाटतो. क्षपणानंतर मिळणारं पॅरा-अमिनोफिनॉल हा पॅरासिटामॉलचा कच्चा माल आहे, हे ऐकलं की सिनॉप्सिस एका बैठकीत लिहून होतो.

मग पिवळं जात नाही आणि सगळ्यांचा निदानाचा शब्द एकच: "कॅटॅलिस्ट बिघडला, पुन्हा बनवतो." जरा थांबा. पुन्हा बनवण्यात दोन दिवस जातात, आणि दोष दुसरीकडे असेल तर नवा कॅटॅलिस्टही तसाच तळाशी बसून राहतो. बारा-तेरा वर्षं मी हे निस्तरतेय. पावडर खरोखर बिघडलेली निघते, नाही असं नाही. पण त्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या अर्ध्याअधिक फुकटात होतात.

आधी लक्षण नीट लिहा

"होत नाही" हे लक्षण नव्हे. वहीत नेमकं लिहा, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

पिवळा रंग तासभर हलतच नाही, ही एक तऱ्हा. पाच-दहा मिनिटं काहीच होत नाही आणि मग एकदम भराभर उतरतो, ही दुसरी. तिसरी म्हणजे रंग निम्म्यावर येतो आणि तिथेच अडतो. पहिल्या वेळी झकास चालतं, तीच पावडर धुऊन परत वापरली की ढिम्म, ही चौथी. रंग गेला पण तयार झालेल्या पॅरा-अमिनोफिनॉलचा ३०० नॅनोमीटरचा पीक (आलेखातलं शिखर) दिसत नाही, अशीही तक्रार असते. आणि एक फसवी तऱ्हा आहे: रंग जातो, सगळे खूश होतात, पण क्षपण झालेलंच नसतं.

दुसऱ्या तऱ्हेत घाबरण्यासारखं फारसं काही नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि निकेलच्या अंगावरचा ऑक्साइडचा पातळ थर संपेपर्यंत क्रिया अडखळते. द्रावणातून थोडा वेळ नायट्रोजन सोडून बघा. थांबण्याचा वेळ कमी झाला तर कारण सापडलं.

फुकटातली तपासणी: मोजमापच चुकतंय का

पीएनपीचं साधं द्रावण फिकट असतं, त्याचा पीक ३१७ नॅनोमीटरच्या आसपास येतो. बोरोहायड्राइड पडलं की द्रावण अल्कधर्मी होतं, रंग गर्द पिवळा होतो आणि पीक ४०० वर सरकतो. आपण उतरताना बघतो तो हा ४००चा. लिटरभर पाण्यात १३.९ मिलिग्रॅम पीएनपी घेतलं तर ०.१ मिलिमोलर द्रावण होतं. त्यातलं २.५ मिली आणि ताजं ०.१ मोलर बोरोहायड्राइड अर्धा मिली क्युव्हेटमध्ये (मशीनच्या छोट्या चौकोनी नळीत) घेतलं, तर सुरुवातीचं रीडिंग साधारण दीड यायला हवं. तीन-साडेतीन येत असेल तर द्रावण घट्ट झालंय. मशीन तिथे नीट मोजतच नाही, आणि खाली रंग उतरत असला तरी आकडा जागचा हलत नाही.

रीडिंग वर-खाली उड्या मारत असेल तर क्युव्हेट उजेडासमोर धरा. हायड्रोजनचे बारीक बुडबुडे काचेला चिकटलेले दिसतील, किंवा काळे कण प्रकाशाच्या वाटेत तरंगत असतील. टिचकी मारा, बुडबुडे सोडवा, मग वाचा. क्युव्हेटवर झाकण घट्ट बसवू नका, आत हायड्रोजन तयार होतोय.

३००चा पीक दिसत नाही म्हणून एकीने आठवडा घालवला होता. तिची क्युव्हेट काचेची होती. साधी काच ४००ला चालते, पण ३००च्या पट्ट्यात ती स्वतःच प्रकाश खाते. क्वार्ट्‌झची क्युव्हेट दिली, पीक पहिल्या मिनिटाला समोर.

जानेवारीत सकाळी साडेसातला प्रयोग लावणाऱ्यांनी थर्मामीटर बघावा. निफाडची थंडी पेपरात छापून येते, पण आमच्या लॅबमध्येही पाणी पंधरा अंशांवर असतं. सक्रियण ऊर्जा (क्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला ४० किलोज्यूल धरली तर ३० अंशांवरून १५ वर आल्यावर वेग निम्म्याच्याही खाली जातो. मेमध्ये सिनियरने पाच मिनिटांत केलं ते तुमचं बारा मिनिटांत होणार. त्यात कॅटॅलिस्टचा दोष नाही.

दहा मिनिटांची तपासणी: बोरोहायड्राइड जिवंत आहे का

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पावसाळ्यातली बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

ताजं बोरोहायड्राइड रव्यासारखं मोकळं असतं, बाटली तिरकी केली की सरसर घसरतं. दमट हवेत राहिलेलं खडीसाखरेसारखं खडे धरतं, स्पॅच्युला रुतत नाही, टोचून काढावं लागतं. ओलावा लागला की त्याचा हायड्रोजन निघून जातो आणि मागे सोडियम मेटाबोरेट उरतं. वजन करताना तराजूला यातला फरक कळत नाही. तुम्ही ३८ मिलिग्रॅम बोरोहायड्राइड घेतलं असं लिहिता आणि प्रत्यक्षात त्यातलं निम्मं मेटाबोरेट असतं.

मुलं फसतात ती अशी. मेटाबोरेटही अल्कधर्मीच आहे. म्हणजे मेलेलं बोरोहायड्राइड घातलं तरी पीएनपी गर्द पिवळं होतं, पीक ४०० वर सरकतो, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं दिसतं. रंग गर्द झाला म्हणून बोरोहायड्राइड चांगलं, असं कुणी म्हणालं की मी सरळ ही परीक्षा करायला लावते:

एका परीक्षानळीत तुमचं बोरोहायड्राइडचं द्रावण दोन मिली घ्या. त्यात निकेल क्लोराइडच्या पातळ द्रावणाचा एक थेंब सोडा. जिवंत असेल तर थेंब पडल्या जागी क्षणात काजळी धरते आणि नळीभर बुडबुडे उठतात. मेलेलं असेल तर फिकट हिरवा, कच्च्या पेरूच्या गरासारखा साका तरंगतो. तो निकेल हायड्रॉक्साइड. काळा की हिरवा, एवढंच बघायचं. जवळ बर्नर पेटलेला नको.

आणि काळं आलं असेल तर नळी ओतून देऊ नका. तो काळा साका म्हणजे ताजं निकेल बोराइड, स्वतःच एक कॅटॅलिस्ट. त्यात पीएनपीचे थोडे थेंब घाला आणि हलवा. पिवळं गेलं तर तुमचं बोरोहायड्राइड ठीक, पीएनपी ठीक, पाणी ठीक. आता संशय खरोखर तुमच्या पावडरवर घ्यायला हरकत नाही. एका थेंबात एवढा निवाडा होतो, तरी हे कुणी आपणहून करत नाही याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

द्रावण सकाळी करून दुपारी वापरणं ही दुसरी खोड. बोरोहायड्राइडचं आयुष्य पीएचवर अवलंबून असतं. २५ अंशांना पीएच ७ वर ते चार सेकंदांत निम्मं होतं, ९ वर सहा मिनिटांत, १० वर तासाभरात, १२ वर चार दिवसांत. साध्या पाण्यात केलेलं द्रावण साधारण ९ ते १० च्या मध्ये कुठेतरी असतं. म्हणजे जेवणाची सुटी त्याला परवडत नाही. बर्फाच्या पाण्यात करा, पातळ कॉस्टिक सोड्याचे एक-दोन थेंब घाला, लगेच वापरा. रंग निम्म्यावर अडकतो ती तिसरी तऱ्हा बहुधा यातूनच येते. निकेल पीएनपीबरोबरच बोरोहायड्राइडचं पाण्याशी विघटनही जोरात घडवतं, त्यामुळे साठा मध्येच संपतो. अडलेल्या द्रावणात ताजं अर्धा मिली घालून बघा. रंग परत उतरू लागला तर उत्तर मिळालं.

बाटली फ्रिजमधून काढली की लगेच उघडू नका. नाशिकच्या जुलैच्या हवेत थंड बाटलीचं झाकण उघडणं म्हणजे आत दव पाडणं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हवं तेवढं काढा, झाकण लावा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. डेसिकेटरमधलं सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर तो डेसिकेटर नाही, नुसता डबा आहे.

रंग गेला, पण कुठे गेला?

गेली काही वर्षं वायनरीतल्या द्राक्षांच्या चोथ्याचा कोळसा करून त्यावर निकेल बसवायची लाट आलीय. कल्पना चांगली, चोथा आपल्याकडे मुबलक. पण कोळसा स्वतःच रंग शोषून घेतो. म्हणून एक तुलना न चुकता करा: तोच कॅटॅलिस्ट, तेवढंच पीएनपी, बोरोहायड्राइडऐवजी कॉस्टिकचा एक थेंब, म्हणजे पीक ४०० वरच राहील. अर्धा तास हलवा. रंग गेला तर ते शोषण आहे, क्षपण नव्हे. उलटी तुलनाही हवी: बोरोहायड्राइड आहे, कॅटॅलिस्ट नाही. यात पिवळं तासन्‌तास टिकायला हवं. टिकलं नाही तर भांड्याला आदल्या प्रयोगाचं निकेल चिकटलेलं आहे. काचेवरचा तो करडा धूर ब्रशने जात नाही, पातळ नायट्रिक ॲसिडने धुवा.

पीएनपीऐवजी मिथिलीन ब्लू हा रंग घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. त्याचा निळा रंग क्षपणाने जातो, पण रेणू मोडत नाही, त्याचं रंगहीन रूप होतं. गाळून हवेत हलवलं की निळं परत येतं. "प्रदूषक नष्ट झालं" असं लिहिण्याआधी बाटली एकदा हलवा.

आता पावडर

पहिलं रंगावरून. नीट बनलेलं निकेल काळं असतं. हिरवट झाक म्हणजे हायड्रॉक्साइड शिल्लक आहे. पावडर खाली बसल्यावर वरचं पाणी हिरवट दिसत असेल तर निकेलचं मीठ पूर्ण वापरलंच गेलं नाही.

मग चुंबक. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला एक माझ्या टेबलाच्या खणात असतो. निकेल धातू चुंबकाला ओढला जातो, हायड्रॉक्साइड आणि ऑक्साइड जात नाहीत. हायड्रॅझीन या क्षपणकाने बनवलेली पावडर बाटलीच्या बाहेरून चुंबक लावला की भिंतीवर चढली पाहिजे. बोरोहायड्राइडने बनवलेलं मात्र शुद्ध निकेल नसून आकारहीन निकेल बोराइड असतं, ते चुंबकाला जेमतेम दाद देतं. तिथे चुंबकावरून निकाल देऊ नका.

चुंबकाची मर्यादा मला सिन्नरच्या एका मुलाच्या पावडरने शिकवली. त्याने ती उघड्या पेट्री डिशमध्ये ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवली होती. सकाळी काळ्यावर करडी झाक होती. चुंबकाला टपाटप चिकटत होती, पीएनपीला मात्र हात लावत नव्हती. चुंबक कणाच्या गाभ्याशी बोलतो, रासायनिक क्रिया मात्र सालीवर चालते. गाभा निकेलचाच होता, साल ऑक्साइडची झाली होती.

म्हणून सुकवणं हा माझ्या यादीत पावडरीचा पहिला गुन्हेगार. गरम हवेच्या ओव्हनमध्ये ओली, बारीक निकेल पावडर ठेवू नका. व्हॅक्यूम ओव्हन असेल तर ६० अंश पुरे. नसेल तर सुकवूच नका, अल्कोहोलखाली बुडवून ठेवा आणि वजन हवं असेल तर ठरावीक मिली गाळ वेगळा काढून तेवढाच सुकवून तोला. वर पातळ साल धरली असेल तर ताज्या बोरोहायड्राइडमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा करून बघा, बऱ्याचदा जागी होते. आरपार ऑक्साइड झालेली होत नाही. ती निकेलच्या टाकाऊ डब्यात.

धुणं. बोरोहायड्राइडने बनवलेल्या पावडरीवर बोरेट आणि मीठ चिकटून राहतं आणि क्रियेच्या जागा अडवून बसतं. निकेल क्लोराइड वापरलं असेल तर शेवटच्या धुवणीत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरं आलं म्हणजे अजून धुवायचंय. पाण्याने तीनदा, अल्कोहोलने दोनदा, दरवेळी सेंट्रीफ्यूज. पाणी डिस्टिल्डच. बोअरचं पाणी "फक्त पहिल्या धुण्याला" वापरणारे महाभाग मी पाहिलेत. दुसऱ्या वापरात ढिम्म होणारी चौथी तऱ्हा बहुधा इथलीच. शिवाय दरवेळी धुताना थोडी पावडर वरच्या पाण्याबरोबर ओतली जाते. आधी वजन करा, मग "कार्यक्षमता घटली" लिहा.

पीव्हीपीसारखं (कण सुटे ठेवणारं पॉलिमर) काही घातलं असेल तर तेही कणावर गोधडीसारखं बसतं. कण एकमेकांना चिकटू नयेत एवढंच घाला.

कृतीत खोट असेल तर

इथवर सगळं ठीक निघालं तरच नवी बॅच. हायड्रॅझीनच्या कृतीत रंग बघत चला: निकेलच्या मिठाचं हिरवं द्रावण हायड्रॅझीन पडल्यावर जांभळट होतं, कॉस्टिक घालून ६० ते ८० अंशांवर नेलं की नायट्रोजनचे बुडबुडे सुटून काळं होतं. जांभळटवरच अडलं असेल तर कॉस्टिक कमी पडलंय किंवा तापमान. वॉटर बाथच्या डायलवर विसंबू नका, थर्मामीटर बुडवा.

आणि निकेलचं मीठ कुठून आणलं ते सांगा. अंबडच्या एका प्लेटिंगच्या शेडमधून कुणाच्या तरी काकांनी बाथचं द्रावण दिलं होतं, फुकट. रंग सुरेख हिरवा. पावडर काळी झाली, चुंबकालाही लागली, पण चालली नाही. प्लेटिंगच्या बाथमध्ये चकाकीसाठी सॅकरिनसारखी द्रव्यं असतात, सॅकरिनमध्ये गंधक असतं, आणि गंधक हे निकेलच्या पृष्ठभागाचं जुनं विष. त्याच आठवड्यात बाटलीतलं मीठ आणून केलेली बॅच चालली.

इथे थांबा

फ्युम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) नीट ओढत नसेल तर हायड्रॅझीनची बाटली उघडूच नका, बोरोहायड्राइडची पद्धत घ्या. हायड्रॅझीन विषारी आहे, कॅन्सरचा संशय असलेल्या द्रव्यांत मोडतं.

निकेल ऑक्साइड ३००-४०० अंशांवर हायड्रोजनखाली क्षपण करायचा मोह झाला तर तशी भट्टी आणि ती चालवणारा शिकलेला माणूस असेल तिथेच नमुना पाठवा. ती पावडर हवेत काढली की पेट घेऊ शकते. रेनी निकेल हा तयार मिळणारा निकेलचा कॅटॅलिस्ट पाण्याखाली ठेवतात तो याचसाठी. कोरडी पावडर गरम लागली किंवा धूर दिसला तर पुसायला कागद घेऊन जाऊ नका. कोरडी वाळू टाका आणि प्रयोगशाळा प्रमुखांना हाक मारा.

तीन बॅच झाल्या, वरचं सगळं तपासलं, तरी पिवळं जात नाही, तर चौथी बॅच नको. नमुना विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखण्याच्या तपासणीसाठी) द्या. क्ष-किरणांच्या तांब्याच्या नेहमीच्या स्रोतावर निकेलच्या रेषा ४४.५, ५१.८ आणि ७६.४ अंशांना येतात, ऑक्साइडच्या ३७.२, ४३.३ आणि ६२.९ ला. ४५ च्या आसपास नुसता पसरट उंचवटा असेल तर ते आकारहीन बोराइड. त्यापुढचं निदान त्यांच्यावर सोडा.

सातपूरच्या एका कारखान्यातून एकदा विचारणा आली होती, हे आमच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत) टाकता येईल का. नाही. ते पर्यावरण अभियंत्याचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, आणि पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे.

आपल्या बीकरमधलं निकेलही तपासायचं असतं. रंग गेलेलं पाणी गाळा, अमोनियाने अल्कधर्मी करा, डायमिथाइलग्लायऑक्झाइमचे दोन थेंब घाला. बी.एस्सी.ला याचंच वजनी विश्लेषण केलेलं असतं. लाल गाळ धरला तर पावडरीतून निकेल सुटतंय. मग ते पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी पाच लिटरचा कॅन आहे, वर मार्करने "निकेल" लिहिलेलं, आणि भरला की तो धोकादायक कचरा उचलणाऱ्या परवानाधारक गाडीतच जातो.